वाचणाऱ्या बाईच्या आत

खट्ट.

कडी निघाली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत इतके दिवस कसलाच आवाज नव्हता. त्यामुळे तेवढीशी कडीसुद्धा मला ढोलासारखी ऐकू आली. दार किरकिरलं, उन्हाची एक पट्टी आत आली आणि थेट माझ्या छातीवर पडली. माझ्या एका खांद्यावर कांद्याची जुडी लटकत होती, दुसऱ्यावर वाळलेला टॉवेल. दारात रोशनी उभी होती.

मित्रांनो, मी एक जुना सांगाडा आहे. घाबरू नका, मी हाडांचा नाही. मी लोखंडी सळ्यांचा आणि जाड तारेचा आहे. मूर्ती घडवणारे लोक मातीच्या आत मला उभं करतात. माती फार मऊ मनाची असते. तिला कोणताही आकार द्या, ती घेते. पण तिला एकटीला उभं राहता येत नाही. माणसाएवढी मूर्ती नुसत्या मातीची केली तर सकाळी ताठ बसलेली बाई दुपारपर्यंत खाली ढेपाळते. म्हणून आत मी लागतो. बाहेरून मी कुणाला दिसत नाही, आणि दिसलो तर मूर्ती फसली असं समजतात.

माझा जन्म एका कूलरच्या दुकानात झाला. रोशनीचे वडील धम्मानंद नागपुरात कूलरचे पत्रे आणि स्टँड तयार करतात. उन्हाळ्याआधी त्यांच्या दुकानापुढे स्टँडची रांग लागते. रोशनी तेव्हा चित्रकला महाविद्यालयात शिकत होती. तिला मूर्तीसाठी स्वतःचा सांगाडा हवा होता. धम्मानंदांनी स्टँडच्या उरलेल्या सळ्या घेतल्या. रोशनी समोर हात पसरून उभी राहिली आणि त्यांनी तिच्याच मापाने मला जोडलं. खांदे, कंबर, गुडघे. हातांना त्यांनी जाड तार लावली, म्हणजे हात हवे तसे वाकवता येतील. मातीला धरून ठेवायला लाकडाचे छोटे तुकडे तारेने ठिकठिकाणी बांधले. काम झाल्यावर ते लांब उभे राहून मला पाहू लागले.

"याले खिडकीत ठेवलं त कूलर बी बसून जाइन याच्यावर," ते म्हणाले.

"बाबा, याच्यावर माणूस बसणार आहे," रोशनी म्हणाली.

"माणूस कूलरपेक्षा जड रायते बाई. सांभाळून घेजो."

त्यांचं बोलणं खरं ठरलं. माणूस जड असतो. मी किती माणसं अंगावर वागवली म्हणून सांगू. पहिला होता आखाड्यातला एक म्हातारा वस्ताद. मग सीताबर्डीच्या फुटपाथवर चष्मे विकणारा एक माणूस, मग दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी. त्या मुलीच्या वेळी मला एका पायावर तोलून उभं केलं होतं. मातीचा तो गार, ओला भार अंगावर चढला की मला बरं वाटायचं. रोशनीचा अंगठा मातीतून दाबत दाबत माझ्यापर्यंत यायचा. हाड कुठे आहे हे चाचपून मग ती वर मांस चढवायची.

मूर्ती पूर्ण झाली की प्लास्टरचा साचा घेतला जायचा. मग साच्यातली माती खरवडून पुन्हा टबात जायची आणि मी पुन्हा कोपऱ्यात. प्रदर्शनात वस्तादाला बक्षीस मिळालं. लोक म्हणाले, "काय ऐट आहे उभं राहण्यात." मी तेव्हा कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात होतो. पण त्या उभं राहण्याबद्दल मला थोडं माहीत होतं.

पुढे रोशनीचं लग्न झालं. तिच्या सामानाबरोबर मीही या घरी आलो. तिचा नवरा अंकुश कळमन्याच्या बाजारात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे काम करतो. स्वभावाने शांत माणूस. मातीवर ओली करून गुंडाळायला पोती लागतात हे कळल्यावर तो न सांगता रिकामी पोती घरी आणू लागला. एक मूर्ती झाली, दुसरी अर्ध्यावर आली. आणि मग यशू आली. यशोधरा तिचं नाव, पण एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव कोण म्हणणार.

मित्रांनो, घरात बाळ आलं की बाकीच्या सगळ्या वस्तू एक पाऊल मागे सरकतात. त्यात कुणाचा दोष नसतो. टबातली माती सुकून दगड झाली. मला गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवलं. रोशनीच्या सासूबाई, अंजनाबाई, कोणतीही वस्तू रिकामी ठेवत नाहीत. त्यांनी माझ्यावर यशूची दुपटी वाळवली, कांदे टांगले, एकदा तर कुरडयांची चाळणी ठेवली. वर्षं गेली. भंगारवाला खालून ओरडत जायचा आणि अंजनाबाई कठड्यावरून वाकून म्हणायच्या, "रोशनी, तो लोखंडाचा माणूस देऊन टाकू का वं?" खालून उत्तर यायचं, "राहू द्या ना आई." पण दर वर्षी ते उत्तर जरा उशिरा येऊ लागलं होतं.

म्हणून त्या दिवशी कडी वाजली तेव्हा मला वाटलं, आज भंगारवाला वर आला.

रोशनीने कांदे काढले, टॉवेल काढला. माझ्या खांद्यावरचा गंज बोटाने पुसला. मग ती उंबऱ्यावर बसली आणि माझ्याशी बोलावं तसं हळूच बोलली. खाली यशू झोपली होती ना.

"सरिताताईंनी विचारलं. मी हो म्हणून बसली."

सरिताताई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत त्यांनी मुलांसाठी वाचनालय सुरू करायचं ठरवलं होतं. पुस्तकं जमली होती. पण मुलं दारातून डोकावून पळून जायची. ताईंना तिथे वाचत बसलेल्या एका बाईची मूर्ती हवी होती. मोठ्या थोर कुणाची नाही, घरातली वाटेल अशी. "पोरांनी यावं, तिच्याजवळ बसावं, एवढंच पाहिजे," असं त्या म्हणाल्या होत्या. आणि तीही शाळा उघडायच्या आत.

"हात विसरले असतील माझे," रोशनी म्हणाली. "हे एक करून पाहते. हे जमलं नाही तर पुन्हा नाही करणार. तू बाबांकडे जाशील. कूलरचा स्टँड होशील. निदान कोणाला गार वारा तर मिळेल."

ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मला कळलं की यात एकट्या माझाच प्रश्न नाही. मी कापला गेलो तर तिच्यातलंही काहीतरी कायमचं कोपऱ्यात जाणार होतं.

मला खाली आणलं. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात पाट मांडला. धम्मानंदांनी येऊन माझे गुडघे वाकवून दिले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खाली बसलो. नवी माती भिजली. यशू दुपारी झोपली की रोशनी कामाला बसायची आणि यशू उठली की हात धुवायची. कधी अर्धा कान होऊन थांबायचा, कधी नुसती हनुवटी.

समोर बसायला तिने अंजनाबाईंनाच सांगितलं.

"अवं, मले काहून बसवते? एखादी सुंदर बाई पाह्य ना."

"आई, मला घरची बाई पाहिजे."

"मंग त्या सुरकुत्या नोको काढू बाप्पा."

"त्याच तर काढायच्या आहेत."

अंजनाबाई यशूचं चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायच्या. त्या वाचतात ते एकेका शब्दाखाली बोट ठेवून. शब्द संपला की बोट पुढे सरकतं. शाळा त्यांची लवकर सुटली होती, पण बोट काही सुटलं नव्हतं. रोशनीने तेच बोट मातीत धरलं. माझ्या उजव्या हाताची तार तिने पुस्तकाकडे वळवली, पुढे ओळीवर टेकलेलं ते एक बोट केलं. ते बोट जमलं त्या दुपारी ती बराच वेळ तशीच बसून राहिली. हात विसरले नव्हते.

एकच अडचण होती. अंजनाबाईंना पुस्तकापुढे झोप यायची.

"आई, मान खाली गेली तुमची."

"म्या कुठी झोपली? डोये मिटून वाचून राहिली होती."

मग नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. नागपूरचे ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. रस्ते ओस पडतात आणि घरोघरी कूलरची घरघर सुरू असते. अशा दिवसांत माती जपणं म्हणजे तान्ह्या बाळाला जपणं. सकाळ-संध्याकाळ ओली पोती गुंडाळायची, वरून प्लास्टिकची पन्नी घट्ट बांधायची, वारा लागू द्यायचा नाही. नेमकं तेव्हाच काटोलला अंकुशच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. अंजनाबाईंचे गुडघे दुखत होते, त्या घरी राहिल्या. रोशनीने निघताना त्यांना सगळं समजावून सांगितलं. पोती कशी भिजवायची, पन्नी कशी बांधायची.

"जाय वं, मले काई लहान लेकरू समजते काय?" त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळं नीट केलं. दुसऱ्या दिवशी ऊन फारच चढलं. अंजनाबाई कूलरसमोर पदर पसरून बसल्या होत्या. त्यांची नजर सारखी आमच्याकडे जात होती. शेवटी त्या उठल्या.

"माह्यंच तोंड हाये, अन् मी इथं वाऱ्यात बसून राहिली, अन् ते तिथं पन्नीत गुदमरून राहिलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मातीले पानीच लागते ना? मंग कूलरमधी का कमी पानी हाये?"

त्यांनी पन्नी सोडली. पोती काढली. आणि आपल्या वाट्याचा कूलर ढकलत ढकलत आणून त्याचं तोंड आमच्याकडे केलं. टाकी काठोकाठ भरली. स्वतः घामाघूम होऊन भिंतीशी हातपंखा घेऊन बसल्या.

मित्रांनो, इतक्या मायेने माझ्याशी कुणीच वागलं नव्हतं. पण कूलरचं पाणी वेगळं आणि कूलरचा वारा वेगळा. तुम्ही ओले कपडे कूलरपुढे टाकता ना? ते का वाळतात? तसंच मातीचं झालं. माती सुकली की आटते, अंग चोरून लहान होते. मी लोखंडाचा. मी आटू शकत नाही. ती मला आवळत गेली आणि मी होतो तेवढाच राहिलो. दुपारी कोपरापाशी बारीक आवाज झाला. संध्याकाळी तो उजवा हात कोपरापासून निखळला, आणि बोट, पुस्तक सगळं पाटावर आलं. माझी तार उघडी पडली.

अंजनाबाईंचा पंखा हातातच थांबला.

"मेली वं मी," त्या एवढंच म्हणाल्या.

त्यांनी कूलर बंद केला. खाली पडलेला हात पदरात घेतला. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? माणसाचा हात मोडला तर करतात तेच. आपलं जुनं मऊ लुगडं काढून त्याच्या चिंध्या केल्या. त्या मातीच्या पाण्यात भिजवल्या. यशूची लाकडी पट्टी आधाराला लावली आणि हात माझ्या तारेवर ठेवून, वरून चिंधीवर चिंधी गुंडाळून बांधला. पुस्तकसुद्धा मांडीवर परत ठेवलं. कोपर मात्र काही केल्या झाकेना. तिथे माती धरत नव्हती. शेवटी त्यांनी तिथे लुगड्याचा हिरवा काठ नुसता खोचून दिला. दुसऱ्या दिवशी सगळे परत आले तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बाहेरच येत नव्हत्या.

आधी यशूने पाहिलं.

"आजी, हिले काय झालं?"

"हात मोडला तिचा," आतून आवाज आला. "माह्यानं मोडला. म्या कूलर लावून देल्ला होता."

रोशनीने हातातली पिशवी खाली ठेवली. ती आमच्याभोवती एकदा फिरली. गालावर भेग होती, गळ्यावर होती. बोटाचं टोक उडालं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्या घरातल्या सगळ्यांनाच वाटत होतं. पण तिने फक्त फोन उचलला.

"बाबा, उद्या सकाळी या. कटर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी चहा ठेवायला उठली. खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता म्हणून ती दारात आली आणि तिथेच थांबली.

यशू माझ्या वाकवलेल्या गुडघ्याला टेकून बसली होती. मातीच्या बाईच्या मांडीवरचं मातीचं पुस्तक तिने बाजूला सारलं होतं आणि तिथे आपलं चित्रांचं पुस्तक ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती आजीसारखं बोट फिरवत होती.

"तू नोको पलटवू, तुह्या हाताले बाऊ झाला," ती त्या बाईला सांगत होती. "पान मी पलटवते. तू फक्त आयक."

आणि तिने पान उलटलं.

रोशनीने दाराची चौकट धरली. पोरांनी यावं, तिच्याजवळ बसावं, एवढंच तर सरिताताईंना हवं होतं. मोडका हात, भेगाळलेला गाल, हिरवा काठ, सगळं तसंच होतं; आणि एक मूल येऊन जवळ बसलं होतं. तिच्या मागे येऊन अंजनाबाईही उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता सून रडते. पण रोशनीचे खांदे हसण्याने हलत होते.

"आई, तुम्ही हिला पट्टी कुठली बांधली? यशूची शाळेची पट्टी आहे ती."

"मंग का करू? हाड सरळ नोको का बसाले?"

आता दोघीही हसत होत्या, आणि अंजनाबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात धम्मानंद कटर घेऊन आले. ऊन डोक्यावर यायच्या आधीच त्यांचा शर्ट भिजला होता.

"कुठून कापू?"

"कापायचं नाही बाबा. चहा घ्या."

"एवढ्या उन्हात बलावलं, अन् आता चहा देते?" त्यांनी कटर खाली ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, कोपरापाशी वाकून पाहिलं आणि चिंध्या हलकेच दाबल्या. "हे कोणं बांधलं?"

"म्या," अंजनाबाई म्हणाल्या. "आता तुमी बी हसा, भाऊ."

"हसत नाही. मजबूत हाये ना."

मित्रांनो, लोखंडाला सुस्कारा सोडता येत नाही. सोडता आला असता तर त्या दिवशी सगळ्या गल्लीने तो ऐकला असता.

त्यानंतर रोशनीने निव्वळ मातीचा हट्ट सोडला. तिने मातीत कागदाचा लगदा आणि डिंक कालवला. भेगांवर लुगड्याच्या पट्ट्या बसवल्या, पण त्या लपवल्या नाहीत. गळ्यावरून, खांद्यावरून त्या तशाच वाहत्या ठेवल्या. मांडीवरचा पदर अंकुशने आणलेल्या पोत्याचा झाला. बोट तिने नव्याने केलं. पुस्तकाला खालून आधार म्हणून धम्मानंदांनी एक पत्रा जोडला. आता हिचा साचा घ्यायचा नव्हता. म्हणजे मला आता कुणी बाहेर काढणार नव्हतं. जी आहे ती हीच मूर्ती, आणि तिच्या आत मी, कायमचा.

कोपर तेवढं राहिलं. तिथे माझी सळी आणि तार उघडी दिसत होती.

"ते लोखंड झाक ना वं," अंजनाबाई म्हणाल्या. "बरं नाही दिसत."

रोशनीने मातीचा गोळा हातात घेतला, कोपराजवळ नेला आणि परत ठेवला.

"राहू द्या आई. इतकी वर्षं आत काढली त्यानं."

तिने फक्त गंज घासून काढला आणि सळीला तेलाचा हात दिला. तो हिरवा काठ अंजनाबाईंनी खोचला होता तिथेच ठेवला.

आज मी विहाराच्या मागच्या खोलीत आहे. खिडकीतून सकाळचं ऊन येतं आणि माझ्या कोपरावर पडतं. वाचनालय सुरू झालं त्या दिवशी आधी मुलं दारातूनच डोकावली. मग एक आत आलं, त्याने बाईच्या पोत्याच्या पदराला हात लावून पाहिला आणि ते खाली बसलं. मग दुसरं. आता माझ्या गुडघ्यापाशी जागा मिळावी म्हणून भांडणं होतात. सरिताताई रागावल्यासारखं करतात, पण मी त्यांचा चेहरा पाहिला आहे.

मित्रांनो, तुम्हीही या. हात लावा, टेकून बसा, मी पडणार नाही. माझं मागणं एवढंच आहे की कोणतीही उभी राहिलेली गोष्ट पाहिलीत तर तिच्या आत कोण उभं आहे याचा एकदा विचार करा. त्याला अधूनमधून बाहेर काढा, त्याच्यावरचा गंज पुसा. अडगळीत टाकण्याआधी एकदा कडी उघडून पाहा. आणि कुणी मायेने तुमचं काही मोडलं, तर ते कसं बांधलं आहे तेही नीट बघा.

काल दुपारी सगळी मुलं गेल्यावर रोशनी मला तेल लावायला आली होती. यशू बरोबर होती. अंजनाबाई पुस्तक घेऊन समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. बोट ओळीवर होतं, मान खाली गेली होती आणि डोळे मिटले होते, म्हणजे त्या वाचतच होत्या. यशूने माझ्या उघड्या कोपरावर बोट ठेवलं. सळी गार लागली असणार. तिने आधी मातीच्या बाईकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या आजीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मम्मी," तिने हळूच विचारलं, आजीची झोप मोडू नये म्हणून, "आपल्या आजीच्या आतमधी कोण उभं हाये?"

रोशनीने तेलाचं फडकं बाजूला ठेवलं आणि यशूला घेऊन ती आजीच्या खुर्चीजवळ खाली बसली.